ट्रेलर ओढायला हेवी-ड्यूटी डिझेल पिकअप घेताय? अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी फिफ्थ व्हील आरव्ही (ट्रकच्या हौद्यात जोडायचं चाकांवरचं घर) घेतो, कुणी शहराबाहेर चार-पाच एकर जमीन घेऊन ट्रॅक्टरची ने-आण सुरू करतो, कुणी बांधकामाच्या धंद्यात उतरतो. साधा पिकअप पुरत नाही हे पहिल्या मोठ्या चढावर कळतं आणि मग हेवी-ड्यूटी डिझेलचा शोध सुरू होतो. नव्या गाडीची किंमत साठ हजार डॉलरच्या आसपास सुरू होऊन लाखाच्या घरात जाते. एवढे पैसे घालूनही चुकीचा ट्रक दारात आला तर रस्त्यावर जीव टांगणीला लागतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

हेवी-ड्यूटी म्हणजे नक्की कोणते ट्रक?

फोर्डच्या सुपर ड्यूटी मालिकेतले एफ-२५०, एफ-३५० आणि एफ-४५०, शेवरोले सिल्व्हेराडो आणि जीएमसी सिएरा यांचे २५०० एचडी व ३५०० एचडी, आणि रॅम २५०० व ३५००. लोक यांना ‘थ्री-क्वार्टर टन’ आणि ‘वन टन’ म्हणतात. ही नावं जुन्या काळातली आहेत. आजच्या वन टन ट्रकवर एका टनापेक्षा बरंच जास्त वजन बसतं. एफ-१५०, रॅम १५०० किंवा टोयोटा टुंड्रा हे सगळे हाफ टनमध्ये मोडतात. टुंड्रा विश्वासाची गाडी आहे, पण १२,००० पौंडांच्या फिफ्थ व्हीलसाठी ती बनलेली नाही.

डिझेलच हवं का? पेट्रोलवर भागणार नाही?

बऱ्याच जणांचं भागेल, आणि हे मी मनापासून सांगतो. आपण भारतातून येताना ‘डिझेल म्हणजे स्वस्त’ हे गणित डोक्यात घेऊन येतो. इथे ते लागू पडत नाही. अमेरिकेत डिझेल बहुतेक वेळा साध्या पेट्रोलपेक्षा महाग असतं. केंद्रीय करच बघा: पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट, डिझेलवर २४.४ सेंट. त्यात डिझेल इंजिनासाठी गाडीच्या किमतीत दहा हजार डॉलरच्या आसपास भर पडते. ऑइल जास्त लागतं, फिल्टर महाग असतात आणि धूर स्वच्छ करणाऱ्या डीईएफ या द्रवाचा खर्च वेगळा. इंधनाच्या बचतीतून हे पैसे वसूल होतील या हिशेबाने डिझेल घेऊ नका.

डिझेल घ्यायचं ते ताकदीसाठी, आणि ती ताकद कमी आरपीएमला मिळते म्हणून. पेट्रोलवरच्या हेवी-ड्यूटी ट्रकचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, साधारण ४३० ते ४८५ पौंड-फूट असतो. डिझेलचा त्याच्या दुप्पट, हजाराच्या आसपास, तोही १,६०० ते १,८०० आरपीएमच्या टापूत. चढावर पेट्रोल इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर ओरडत असतं, तिथे डिझेल निवांत चढतं.

दुसरं कारण उंचीचं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. तिथे पोचेपर्यंत पेट्रोल इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते, आणि चढ तर तिथेच सात टक्क्यांचा आहे. डिझेलचा टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. तिसरं कारण एक्झॉस्ट ब्रेकचं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

माझं मत असं: ट्रेलर दहा हजार पौंडांच्या आत, वर्षातून चार-सहा सहली आणि बहुतेक रस्ता सपाट असेल, तर पेट्रोलवरचा हेवी-ड्यूटी ट्रक घ्या आणि उरलेल्या पैशांत फिरा. ट्रेलर बारा हजारांच्या वर जाणार असेल, वाटेत डोंगर असतील किंवा महिन्याला हजारो मैल ओढायचं असेल, तर डिझेलला पर्याय नाही.

ब्रोशरमध्ये लिहिलंय, ट्रक १८,००० पौंड ओढतो. माझा ट्रेलर १२,००० चा. मग अडचण कुठे?

अडचण पेलोडची. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे उत्तर वाचाच, कारण सर्वांत जास्त चुकीची खरेदी इथेच होते.

ओढणं वेगळं आणि पाठीवर पेलणं वेगळं. ट्रेलरचं काही वजन ट्रकच्या मागच्या चाकांवर येतं. फिफ्थ व्हीलमध्ये ते ट्रेलरच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के असतं. बारा हजारांच्या ट्रेलरचे वीस टक्के धरा, म्हणजे २,४०० पौंड. हिचचे, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्याचे, दीडशे-दोनशे. चौघांचं कुटुंब, कूलर, हत्यारांची पेटी आणि कुत्रा असेल तर तोही, मिळून आठशे. बेरीज ३,४०० पौंड.

आता ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. दाराच्या खांबावर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. तेवढाच त्या एका गाडीचा पेलोड. दहा हजार पौंड जीव्हीडब्ल्यूआरच्या (भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा), चार दारांच्या, फोर-व्हील-ड्राइव्ह २५०० डिझेलवर हा आकडा बरेचदा दोन हजार ते अडीच हजारांच्या मध्ये असतो. तुम्हाला हवेत ३,४००. इंजिन तो ट्रेलर आरामात ओढेल, पण मागचा अॅक्सल, स्प्रिंग आणि टायर मर्यादेबाहेर गेलेले असतील.

डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कित्येक शे पौंडांनी जड असतं, आणि ते वजन याच पेलोडमधून वजा होतं. त्यामुळे त्याच मॉडेलचा पेट्रोल ट्रक पाठीवर जास्त पेलतो. सनरूफ, पॉवर रनिंग बोर्ड, भारीतल्या सीट या सगळ्यांचं वजनही तिथूनच जातं. म्हणून वेबसाइटवरचा आकडा धरू नका. जी गाडी घेणार तिच्याच दारावरचं स्टिकर बघा, फोटो काढा आणि घरी बसून हिशेब करा.

मागे एअरबॅग बसवून घ्या, पेलोड वाढेल, असं सांगणारे भेटतील. एअरबॅगने गाडी समतल दिसते. अॅक्सल आणि टायरची क्षमता आहे तेवढीच राहते.

मग ब्रोशरमधला आकडा खोटा असतो का?

नाही. एसएई जे२८०७ नावाचं प्रमाण आहे, त्यानुसार चाचणी होते. अॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ त्यासाठी प्रसिद्ध आहे. कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या किमान वेगाच्या खाली न येता ट्रकने तो चढायचा असतो. पण ब्रोशरवरचा सर्वांत मोठा आकडा एका ठरावीक जुळणीचा असतो. एफ-४५० साठी ४०,००० पौंड हा आकडा गाजतो. तो गूसनेक हिचसकट विशिष्ट जुळणीचा आहे. तुमच्या कुटुंबाच्या चार दारांच्या गाडीला तो लागू नाही.

बंपर पुल, फिफ्थ व्हील आणि गूसनेक यांत फरक काय?

बंपर पुल ट्रेलर ट्रकच्या मागच्या रिसीव्हरला जोडतात. फिफ्थ व्हील आणि गूसनेक ट्रकच्या हौद्यात, मागच्या अॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे जोडतात, त्यामुळे ट्रेलर डुलत नाही आणि वजन ट्रकच्या अंगावर नीट बसतं. आरव्हीला सहसा फिफ्थ व्हील, तर घोड्यांच्या आणि यंत्रांच्या ट्रेलरला गूसनेक.

बंपर पुलमध्ये १० ते १५ टक्के वजन हिचवर पडायलाच हवं. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, तसंच इथेही होतं. हिचवर वजन कमी पडलं की ट्रेलरची शेपूट हलायला लागते, आणि साठ मैलांच्या वेगाला ती एकदा हलायला लागली की ट्रकलाही घेऊन जाते. ट्रॅक्टर चढवताना तो किती पुढे घ्यायचा याचा विचार म्हणून करायचा. जड बंपर पुलला वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे वजन सगळ्या अॅक्सलवर वाटून देणारी हिच, घ्या. त्यावर काटकसर करू नका.

मागे दोन चाकं की चार?

मागे चार चाकं असलेल्या ट्रकला ड्युअली म्हणतात. डिझेल ड्युअलीचा पेलोड जुळणीनुसार साधारण साडेचार ते सहा हजार पौंडांपर्यंत जातो, आणि आडव्या वाऱ्यात तो जागचा हलत नाही. मागचा एक टायर फुटला तरी दुसरा सावरून घेतो. पण तो रुंद असतो, टायर सहा लागतात, आणि मॉलच्या पार्किंगमध्ये तो लावणं जिकिरीचं.

फिफ्थ व्हील चौदा हजारांच्या पुढची असेल तर मी ड्युअलीच सुचवेन. दहा ते चौदा हजारांच्या दरम्यान मागे दोन चाकांचा ३५०० किंवा एफ-३५० बहुतेकांना पुरतो. २५०० आणि ३५०० यांच्या किमतीत फरक फार थोडा असतो, क्षमतेत मात्र बराच. त्यामुळे ‘आमच्या गरजेला २५०० पुरे’ असं वाटत असेल, तरी ३५०० चं स्टिकर एकदा बघून या.

कमिन्स, ड्युरामॅक्स की पॉवर स्ट्रोक?

यावर लोक रात्र जागवतात. तिन्ही चांगली आहेत.

रॅममध्ये ६.७ लिटरचं कमिन्स आहे, एका रांगेत सहा सिलिंडर. इंजिनाभोवती हात घालायला जागा राहते, म्हणून मेकॅनिकांना ते आवडतं. २०२५ पासून त्याच्या जोडीला आठ गिअरचा गिअरबॉक्स आला, ४३० हॉर्सपॉवर आणि १,०७५ पौंड-फूट. आधीच्या सहा गिअरच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे. शेवरोले आणि जीएमसीमध्ये ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स, व्ही-८. सोबत २०२० पासून दहा गिअरचं अॅलिसन. २०२४ पासून ४७० हॉर्सपॉवर आणि ९७५ पौंड-फूट. चालवायला मला हे सर्वांत सौम्य वाटतं. फोर्डचं ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक, हेही व्ही-८, २०२३ पासून दोन प्रकारांत मिळतं. हाय आउटपुटचे ५०० हॉर्सपॉवर आणि १,२०० पौंड-फूट.

माझा सल्ला असा की इंजिनाच्या आधी गाव बघा. तुमच्यापासून तीस मैलांच्या आत डिझेलचा अनुभवी मेकॅनिक असलेला कोणता डीलर आहे? भर उन्हाळ्यात दुरुस्तीला तीन आठवडे थांबावं लागलं तर सगळी सुट्टी गेली.

डीईएफ आणि डीपीएफ म्हणजे काय? गाडी मधूनच ‘फिल्टर साफ होतोय’ असं का सांगते?

डिझेलच्या धुरातली काजळी पकडायला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. पिकअपमध्ये तो २००७ च्या सुमारास आला. २०१० च्या नियमांनंतर नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी डीईएफचा फवाराही आला. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. भारतात बीएस-६ गाड्यांना जे अॅडब्लू घालतात, तेच हे. ते निळ्या झाकणाच्या वेगळ्या टाकीत जातं. ते संपत आलं की गाडी आधी इशारे देते, मग वेग कमी करायला लावते.

डीपीएफमध्ये काजळी साठली की ती जाळून टाकावी लागते, त्याला रीजन म्हणतात. त्यासाठी फिल्टर साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापावा लागतो, आणि तो तापतो महामार्गावर, सलग वीस-तीस मिनिटं चालवल्यावर. मुलांना शाळेत सोडलं, भाजी आणली, परत आलं, एवढ्या फेऱ्यांत ते होत नाही. रीजन अर्धवट राहत गेलं की फिल्टर तुंबतो, आणि नवीन फिल्टरला हजारो डॉलर मोजावे लागतात.

म्हणजे हा ट्रक रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी घेऊ नका. घेतलाच असेल तर आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास न्या. ट्रेलर जोडलेला असला तर आणखी चांगलं. जड ओझं ओढणारा डिझेल निरोगी राहतो. आणखी एक, रीजन चालू असताना वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका, आग लागू शकते.

ही सगळी यंत्रणा काढून टाकतात म्हणे, ‘डिलीट’ करून. करावं का?

नाही. स्वच्छ हवा कायद्याविरुद्ध आहे ते. वॉरंटी जाते, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात १९९८ आणि त्यानंतरच्या, १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांनाही स्मॉग तपासणी असते, तिथे गाडी पास होत नाही. सरकार या बाबतीत मोठ्यांनाही धरतं: रॅम पिकअपमधल्या इंजिनांवरून कमिन्स कंपनीने १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला, आणि त्या तडजोडीचा तपशील जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या धुराच्या मागे कुणाची तरी मुलं गाडीत बसलेली असतात.

जुनी गाडी घेताना काय बघायचं?

किती मैल झाले यापेक्षा कसे झाले, ते बघा. डॅशबोर्डच्या मेनूत इंजिनाचे तास सापडतात, बऱ्याच गाड्यांत गाडी उभी असताना इंजिन चाललेले तास वेगळे दिसतात. मैल कमी आणि तास भरमसाठ असतील तर गाडी कामाच्या जागेवर तासन्‌तास चालू ठेवलेली आहे.

सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर नळी आतून बऱ्यापैकी स्वच्छ असते. काळीकुट्ट काजळी निघाली तर यंत्रणा काढलेली असण्याची शक्यता आहे. इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत या.

फोर्डची ६.० लिटर आणि ६.४ लिटर ही इंजिनं, म्हणजे २००३ ते २०१० ची मॉडेल, स्वस्तात मिळतात. जाणकार मेकॅनिक हाताशी नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. सीपी४ नावाचा उच्च दाबाचा इंधनपंपही लक्षात ठेवा. तो फुटला की धातूचा कीस सगळ्या इंधनयंत्रणेत पसरतो आणि दुरुस्ती दहा हजार डॉलरच्या घरात जाऊ शकते. २०११ नंतरचे फोर्ड, २०११ ते २०१६ चे ड्युरामॅक्स आणि २०१९-२० चे रॅम यांत तो होता. रॅमने त्या दोन वर्षांच्या दोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. गाडीचा व्हीआयएन क्रमांक एनएचटीएसए या केंद्रीय रस्ता-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की कोणतं रिकॉल बाकी आहे ते फुकट कळतं. हे न करता पैसे देऊ नका.

चुकून पेट्रोल भरलं तर?

इंजिन सुरू करू नका. टो करून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या. सुरू केलंत तर पंप आणि इंजेक्टर खराब होऊ शकतात, कारण डिझेलच त्यांचं वंगण असतं. बहुतेक पंपांवर डिझेलची नळी हिरवी असते, पण बीपीच्या पंपांवर हिरवी नळी पेट्रोलची. रंगावर जाऊ नका, पाटी वाचा. डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतलं तर तेही तितकंच महागात पडतं. आणि शेतीच्या वापराचं लाल रंगाचं करमुक्त डिझेल रस्त्यावरच्या ट्रकमध्ये भरणं बेकायदा आहे, जमीन घेतलेल्यांनी हे विसरू नये.

कडाक्याच्या थंडीत चालेल का?

चालेल. मिनेसोटा-मिशिगनकडे ब्लॉक हीटर (इंजिन उबदार ठेवणारा विजेचा हीटर) असलेलाच घ्या आणि रात्री प्लगला लावा. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. उत्तरेकडचे पंप हिवाळ्यात त्यासाठीचं मिश्रण विकतात. टेक्सासहून टाकी भरून डिसेंबरात उत्तरेला जाणार असाल तर वाटेत, थंडी गाठण्याआधी तिकडचं डिझेल भरून घ्या. डीईएफ उणे ११ अंश सेल्सिअसला गोठतं, पण त्या टाकीत हीटर असतो, घाबरायचं कारण नाही.

घाट उतरताना काय काळजी घ्यायची?

आपल्याकडचे जुने ड्रायव्हर सांगतात, घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. इथेही तेच. टो/हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावा, एक्झॉस्ट ब्रेक चालू करा आणि उताराच्या माथ्यावरच वेग कमी करा. वेग वाढल्यावर आवरायला जाऊ नका. एक्झॉस्ट ब्रेक टर्बोच्या मदतीने धूर अडवून इंजिनाकडूनच गाडी रोखून धरतो, त्यामुळे पायाखालचा ब्रेक थंड राहतो आणि अडीअडचणीला हाती उरतो. ब्रेक लावायचा तेव्हा ठाम लावून वेग खाली आणा आणि सोडून द्या. सतत हलका दाबून ठेवला की ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत.

ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक असतात. डॅशवरच्या कंट्रोलरचा जोर प्रत्येक सहलीआधी रिकाम्या जागेत तपासून घ्या.

डीलरकडे काय मागायचं?

फॅक्टरीतूनच बसवलेलं फिफ्थ व्हील-गूसनेक प्रेप पॅकेज; नंतर बसवणं महाग आणि कटकटीचं. ट्रेलर ब्रेक कंट्रोलर. मागचा कॅमेरा. आठ फुटी हौदा, कारण साडेसहा फुटी हौद्यात आखूड वळणाला फिफ्थ व्हीलचा कोपरा ट्रकच्या केबिनला लागू शकतो, मग सरकणारी हिच घ्यावी लागते. ट्रायल घेताना रिकामा ट्रक चालवून काही कळत नाही. ‘आमचा ट्रेलर जोडून चालवू देता का’, असं स्पष्ट विचारा.

घेतल्यावर आधी काय करू?

ट्रेलर नेहमीसारखा भरा, घरचे सगळे बसवा, टाकी भरा आणि ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर जा. थोडक्या पैशांत पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं छापून मिळतात. ती दारावरच्या आकड्यांशी ताडून बघा. आपल्या बायका-मुलांना घेऊन डोंगरात जाण्याआधी हा कागद हातात हवाच.

वेगळं लायसन्स लागतं का?

राज्याराज्यांत नियम वेगळे. कॅलिफोर्नियात दहा हजार पौंडांवरच्या ट्रेलरला साधं लायसन्स पुरत नाही. टेक्सासमध्ये ट्रक-ट्रेलरची जोडी २६,००० पौंडांच्या पुढे गेली की नॉन-कमर्शियल क्लास ए लागतं. धंद्यासाठी राज्याबाहेर ओढणार असाल तर ट्रक-ट्रेलर मिळून १०,००० पौंडांनंतर डीओटीचे (केंद्रीय वाहतूक खात्याचे) नियम सुरू होतात, आणि गाडीचा खासगी विमा धंद्याला लागू होईलच असं नाही. एजंटकडून हे लेखी घ्या.

घरी मावेल का?

चार दारांचा, आठ फुटी हौद्याचा ट्रक सुमारे २२ फूट लांब असतो. बहुतेक गॅरेजांत तो जात नाही. शहरातल्या बहुमजली पार्किंगमध्ये छत आड येतं. काही वसाहतींच्या एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) नियमांत ड्युअली किंवा आरव्ही दारात लावायला मनाई असते. सही करण्याआधी टेप घेऊन ड्राइव्हवे मोजा आणि एचओएची नियमावली उघडून बघा.